फ्लॅशमध्ये लिहिले, पण वाचले ते कॅशमधून: या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या भट्टीला आम्ही तापमान-नियंत्रक बसवला होता. ऑपरेटरने थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या संवेदकाचा) कॅलिब्रेशनचा, म्हणजे मोजमाप अचूक करणारा, आकडा बदलला की प्रोग्राम तो फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरीत, लिहीत असे, लगेच परत वाचून ताडून पाहत असे आणि मगच पडद्यावर ‘जतन झाले’ असे दाखवत असे. दिवसभर भट्टी नव्या आकड्यावर बिनचूक चाले; दुसऱ्या दिवशी सकाळी वीज चालू केली की ती जागा मात्र कोरी, म्हणजे सगळे बाइट एफएफ (पुसलेल्या फ्लॅशमध्ये दिसणारे मूल्य). आठवडाभर आम्ही विजेच्या चढउतारालाच दोष देत राहिलो, आणि तीच आमची पहिली चूक होती.

नियंत्रकात कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसर होता आणि त्याची कॅश चालू होती. कॅश म्हणजे नुकत्याच लागलेल्या मजकुराची प्रत जवळ ठेवणारी छोटी जलद मेमरी; ही प्रत ठरावीक लांबीच्या ‘ओळीं’त ठेवली जाते. त्याच्या मूळ रचनेत फ्लॅशचा पत्ता ज्या कोड-विभागात येतो तो ‘राइट-थ्रू’ प्रकारचा असतो: तेथे लिहिताना ती ओळ आधीच कॅशमध्ये असेल, तर मजकूर फ्लॅशकडे जातोच, शिवाय कॅशमधील प्रतही बदलते. जुना आकडा आम्ही नुकताच वाचलेला असल्याने ती ओळ कॅशमध्ये होतीच. लिहिण्याआधी जागा पुसण्याचा, म्हणजे इरेझचा, हुकूम रजिस्टरमधून (हुकूम देण्याच्या खास जागेतून) जातो, त्याची कॅशला खबरही नसते. पुढे लेखनाचा क्रम चुकल्यामुळे फ्लॅश-नियंत्रकाने (फ्लॅशमधील लेखन सांभाळणाऱ्या चिपमधील भागाने) लेखन नाकारले, पण कॅशमधील प्रत बदलून बसली होती, आणि आमची पडताळणी तीच प्रत वाचून समाधान मानत होती. अशी पडताळणी फ्लॅशविषयी काहीच सिद्ध करत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: इरेझ पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि त्या सेक्टरच्या (एकत्र पुसल्या जाणाऱ्या भागाच्या) कॅश-ओळी इनव्हॅलिडेट, म्हणजे रद्दबातल, कराव्यात, मग लिहावे, डीएसबी बॅरिअर (आधीचे मेमरी-व्यवहार पुरे होईपर्यंत थांबवणारा आदेश) द्यावा, फ्लॅश-नियंत्रक मोकळा होईपर्यंत थांबावे, स्टेटस रजिस्टरमधील चूक दाखवणारे बिट तपासावेत, ओळी पुन्हा इनव्हॅलिडेट कराव्यात आणि त्यानंतरच वाचून ताडावे. लिहिलेला मजकूर प्रोग्रामचाच भाग असेल, उदाहरणार्थ बूटलोडरने (सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) नवे फर्मवेअर उतरवले असेल, तर इन्स्ट्रक्शन-कॅशही, म्हणजे प्रोग्रामच्या आदेशांची कॅशही, इनव्हॅलिडेट करून डीएसबी व आयएसबी (पुढचे आदेश नव्याने आणायला लावणारा) दोन्ही द्यावेत.

या दुखण्यावर सी भाषेतील ‘व्होलाटाइल’ या शब्दाचा उतारा अनेकजण सुचवतात. तो शब्द फक्त कंपायलरला बांधतो. वाचनाचा आदेश दरवेळी निघेल एवढेच तो पाहतो, त्या आदेशाला उत्तर कॅशने द्यायचे की फ्लॅशने, हे त्याच्या हातात नाही.

याहून घातक चूक म्हणजे, ओळी मोजत कशाला बसायचे असे म्हणून संपूर्ण डेटा-कॅश एका फटक्यात इनव्हॅलिडेट करणे. रॅमचा भाग सहसा ‘राइट-बॅक’ असतो, म्हणजे लिहिलेले आधी कॅशमध्येच राहते आणि मागाहून रॅममध्ये जाते, त्यामुळे तेथील ताजी मूल्ये, कधीकधी स्टॅकसुद्धा, अजून कॅशमध्येच असतात आणि या एका हुकमाने ती नाहीशी होतात. संपूर्ण कॅशच हाताळायची असेल तर ‘क्लीन आणि इनव्हॅलिडेट’ (आधी रॅममध्ये लिहून मग रद्द करणारे) हेच फंक्शन वापरावे.

डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता मजकूर हलवणाऱ्या यंत्रणेने) बाहेरील क्यूएसपीआय (चार डेटा-तारांच्या जोडणीच्या) फ्लॅशमधून रॅममध्ये वाचताना हाच प्रश्न बफरच्या, म्हणजे आलेला मजकूर ठेवण्याच्या जागेच्या, कडेला उभा राहतो. एम७ची कॅश-ओळ ३२ बाइटची असते. ओळीच्या सुरुवातीपासून ठेवलेला बफर ५० बाइटचा असेल तर तो दोन ओळी, म्हणजे ६४ बाइट, अडवतो आणि उरलेल्या १४ बाइटांत शेजारचे एखादे चल येऊन बसते. बफर इनव्हॅलिडेट करताच त्या चलाचे न लिहिलेले मूल्यही जाते. बफरची सुरुवात ३२च्या पटीत असावी आणि लांबीही ३२च्या पटीत, येथे ६४, घ्यावी.

समांतर जोडणीच्या नॉर फ्लॅशमध्ये इरेझ चालू असताना वाचनाला मजकूर मिळत नाही, दर वाचनाला उलटणारा टॉगल बिट मिळतो. तो भाग कॅशमध्ये असेल तर तोच बिट पुन्हा पुन्हा वाचला जातो, आणि बिट उलटायचा थांबला म्हणजे इरेझ संपला असे समजून प्रोग्राम वेळेआधी पुढे जातो. अशा जोडणीत एमपीयू (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणारा प्रोसेसरचा घटक) वापरून तो भाग कॅशबाहेर ठेवावा. लिनक्सच्या एमटीडी या फ्लॅश हाताळणाऱ्या व्यवस्थेतही जलद वाचनासाठी कॅशसहित आणि हुकुमांसाठी कॅशविना अशा एकाच चिपच्या दोन वाटा ठेवण्याची सोय आहे.

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर फ्लॅशमध्ये लिहिताना कॅशच बंद होते आणि फ्लॅशमधील प्रोग्राम वाचता येत नाही, म्हणून त्या काळात चालू राहणारा इंटरप्ट-हँडलर (तातडीच्या इशाऱ्याला उत्तर देणारे फंक्शन) आणि त्याला लागणारी माहिती अंतर्गत रॅममध्येच असावी लागते.

आमच्या नियंत्रकात क्रम सुधारल्यावर पडताळणी पहिल्यांदाच नापास झाली, आणि लेखनातील खरी चूक त्याच दुपारी सापडली.