मित्राच्या स्ट्रीट फायटर मॅच बघून फीडबॅक कसा द्यावा

‘माझ्या मॅच जरा बघ ना, कुठे चुकतंय ते सांग.’ स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा व्हिडिओ गेम मन लावून खेळणारा कुणी असं म्हणाला की बहुतेक जण रिप्ले लावतात आणि मार बसेल तिथे थांबवून सांगतात, ‘इथे ब्लॉक करायला हवं होतं.’ ते त्यालाही दिसलेलं असतं, कारण मार त्यानेच खाल्लेला असतो. त्याला दिसत नाही ते त्याच्या आधीचं. हरलेल्या राउंडमधली महत्त्वाची चूक बहुधा शेवटच्या कॉम्बोच्या दहा-पंधरा सेकंद आधी होऊन गेलेली असते, आणि ती शोधून देणं हेच फीडबॅक देणाऱ्याचं काम.

कोणत्या मॅच मागवायच्या

जिंकलेल्या मॅच नकोत. अगदी एकतर्फी हरलेल्याही नकोत. आपल्याच रँकच्या खेळाडूशी थोडक्यात हरलेल्या तीन-चार मॅच मागवा, आणि शक्यतो एकाच प्रतिस्पर्ध्याशी सलग झालेल्या. समोरच्याने आपल्याला कसं ओळखलं, हे दुसऱ्या-तिसऱ्या मॅचमध्येच कळतं. फोनवर काढलेल्या व्हिडिओपेक्षा रिप्ले आयडी घ्या; गेममध्येच रिप्ले उघडला की दाबलेली बटणं आणि फ्रेम मीटर (कोणत्या फ्रेमला कोण काय करत होतं ते दाखवणारी पट्टी) दोन्ही पडद्यावर दिसतात.

सोबत तीन गोष्टी विचारून घ्या: कंट्रोल क्लासिक आहेत की मॉडर्न (सोपी बटणं असलेले), सध्या तो नेमका कशाचा सराव करतोय, आणि मॅचच्या वेळी नेट कसं होतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. रिप्ले हा बटणांच्या नोंदीवरून पुन्हा खेळवलेला सामना असतो, त्यामुळे खेळताना जाणवलेली अडखळ त्यात दिसत नाही. तुम्हाला सुरळीत दिसणारा क्षण त्याच्यासाठी अडकत गेलेला असू शकतो.

आधी न थांबता बघा

पहिल्या खेपेला पॉजला हात लावू नका. फक्त खटकलेल्या जागा टिपा: राउंड कितवा आणि घड्याळात किती. घड्याळ ९९ वरून खाली येतं, त्यामुळे ‘दुसरा राउंड, ५४’ एवढं लिहिलं तरी दोघांना जागा सापडते. दुसऱ्या खेपेला लढाईकडे न बघता लाइफखालच्या ड्राइव्ह गेजकडे, म्हणजे ड्राइव्ह आणि ओव्हरड्राइव्ह चालींवर खर्च होणाऱ्या सहा बारच्या पट्टीकडे, बघत राहा. नव्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण या गेममधल्या निम्म्या गोष्टी तिथेच उलगडतात असं माझं ठाम मत आहे.

एक नमुना घेऊ. मित्र र्‍यू खेळतोय, समोर केन आहे (दोन्ही गेममधली पात्रं). घड्याळात ४८ असताना मित्र कोपऱ्यात आहे, केन ड्राइव्ह इम्पॅक्ट (फटका सोसूनही पुढे येणारा जड वार) मारतो, मित्र ब्लॉक करतो तरी स्टन होतो, म्हणजे काही क्षण हलूच शकत नाही, आणि पुढच्या कॉम्बोत राउंड जातो. ‘इम्पॅक्टला इम्पॅक्टने उत्तर द्यायचं’ हा सल्ला इथे फुकट आहे, कारण मित्र बर्नआउटमध्ये होता. गेज रिकामा, इम्पॅक्ट मारणार कशाने? आता मागे जा. ७१ वर त्याची बसून मारलेली मीडियम किक ब्लॉक झाली आणि ती त्याने ड्राइव्ह रशने कॅन्सल केली, म्हणजे किक मधेच तोडून झपकन पुढे धावला. सहापैकी तीन बार गेले. ६६ वर पुन्हा तेच, पुन्हा ब्लॉकवर. मधे थोडा भरलेला गेजही संपत आला, उरलेला केनचे दोन-चार फटके ब्लॉक करताना गेला, कारण ब्लॉक केल्यानेही गेज झिजतो. बर्नआउटमध्ये समोरच्याचे स्पेशल मूव्ह ब्लॉक केले तरी थोडी लाइफ जाते, प्रत्येक ब्लॉकनंतर तुम्ही चार फ्रेम जास्त अडकता, आणि कोपऱ्यात इम्पॅक्ट ब्लॉक केला तर थेट स्टन. म्हणजे ४८ वर गेलेला राउंड ६६ वर हातातून सुटला होता.

६६ ची ती रश मुळातच चुकीची होती असं मात्र म्हणू नका. पहिल्या रशमधून काय मिळालं ते विचारा. काहीच मिळालं नसेल, तर त्याच किकला हाडोकेनने (फायरबॉलने) कॅन्सल करणं हा स्वस्तातला पर्याय होता. एकही बार गेला नसता.

हात मोकळे होते का?

‘तुझा रिअॅक्शन टाइम कमी कर’ असं कधीही सांगू नका. ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम लागतात. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे साधारण ०.४३ सेकंद. लक्ष असलेल्या माणसाला एवढा वेळ पुरतो. तरीही तो सतत इम्पॅक्ट खात असेल तर फ्रेम मीटर लावून बघा. इम्पॅक्ट सुरू झाला त्या फ्रेमला मित्राचा र्‍यू काय करत होता? फायरबॉल टाकून अजून सावरत असेल, तर दिसूनही हात बांधलेलेच होते. मग दोष तिथे, त्या अंतरावर फायरबॉल टाकण्याचा. र्‍यू मोकळा होता आणि तरी काहीच दाबलं गेलं नाही, तर लक्ष दुसरीकडे होतं. दोन्हींचे उपाय वेगवेगळे, आणि नुसत्या व्हिडिओवर दोन्ही सारखेच दिसतात.

वेगवान प्रतिक्रिया दिसते तिथे अनेकदा आधी बांधलेला अंदाज असतो. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत दाइगो उमेहाराच्या केनने जस्टिन वाँगच्या चुन-लीच्या सुपरचे (सर्वांत मोठ्या वाराचे) सगळे १५ फटके पॅरी केले, म्हणजे नेमक्या क्षणी लाइफ न गमावता परतवले. तो सुपर येणार हे त्याने आधीच ताडलं होतं, म्हणून पहिला पॅरी जमला. त्यामुळे मित्राला प्रत्येक टिपलेल्या जागेबद्दल विचारा, ‘इथे तुला काय येईल असं वाटत होतं?’ तो ‘उडी’ म्हणाला आणि आलं भलतंच, तर बोटांच्या वेगाचा प्रश्नच नाही.

मोजा

‘तू उठताना घाबरतोस’ हे मत झालं. मोजलेलं वाक्य वेगळं असतं. मित्र जेवढ्या वेळा खाली पडला, तेवढ्या वेळा उठताना त्याने काय केलं ते कागदावर चार रकान्यांत मांडा: ब्लॉक, थ्रो (पकडून आपटणं) तोडणं, जॅब (झटपट ठोसा), ओव्हरड्राइव्ह शोर्युकेन (दोन बार खर्चून मारलेला उडता ठोसा). समजा शोर्युकेनच्या रकान्यात सात रेघा आल्या आणि त्यातल्या सहा लागोपाठ दोन थ्रो खाल्ल्यानंतरच्या निघाल्या. आता तुमच्याकडे सवय आहे, आणि ती समोरच्यालाही दिसली होती: दोन थ्रोनंतर तो शांतपणे ब्लॉक करून उभा राहतो, दोन बार घालवून आलेला शोर्युकेन हवेत जातो आणि खाली येताना पूर्ण शिक्षा मिळते.

गेम पार्लरमध्ये टेकन ३ चालू असताना मागे उभी असलेली पोरं ‘अरे खाली बस, लाथ मार’ असं ओरडत, तो सल्ला त्या क्षणापुरताच असे. अशी मोजदाद रेकॉर्डिंगवरच होते, म्हणून तिचा आळस करू नका.

सांगताना

टिपणात पंधरा जागा असतील. पाठवायची एकच सवय, फार तर दोन. पंधरा चुका हाती पडलेला खेळाडू पुढच्या मॅचमध्ये पंधरा गोष्टींचा विचार करत मार खातो. कोणती निवडायची? जिने सर्वांत जास्त राउंड गेले ती, दिसायला सर्वांत वाईट असलेली नव्हे. अर्धवट सुटलेला लांब कॉम्बो डोळ्यांत भरतो, पण त्याने बहुतेक वेळा थोडंसंच नुकसान होतं.

निरोप साधारण असा लिहा:

‘चारही मॅच बघितल्या. तुझे अँटी-एअर चांगले झालेत. तिसऱ्या मॅचमध्ये केनने उड्या मारणंच सोडलं, ते त्यामुळेच. एक गोष्ट बघ: दोन थ्रो खाल्ले की तिसऱ्यांदा तू जवळपास दर वेळी शोर्युकेन मारतोस. पहिली मॅच, दुसरा राउंड, ३७ आणि दुसरी मॅच, पहिला राउंड, ६२. तिथे तुझ्या डोक्यात काय होतं?’

कौतुकही असंच नेमकं हवं. ‘भारी खेळलास’ने काय चालू ठेवायचं ते कळत नाही.

त्याचं उत्तर आल्यावरच उपाय ठरवा. थ्रो तोडायची वेळ जमत नाही म्हणून शोर्युकेन येत असेल, तर ट्रेनिंग मोडमध्ये डमीला दोन गोष्टी रेकॉर्ड करून द्यायला सांगा, जवळ येऊन थ्रो आणि जवळ येऊन थांबून फटका, आणि त्या आलटून-पालटून चालवून रोज दहा मिनिटं फक्त उठण्याचा सराव. थ्रो तोडणं येतं पण चिडून शोर्युकेन सुटतो असं तो म्हणाला, तर ट्रेनिंग मोडचा उपयोग नाही. मग पुढच्या काही रँक मॅचमध्ये उठताना शोर्युकेन पूर्ण बंद ठेवायला सांगा, हरला तरी चालेल.

दोन-तीन आठवड्यांनी नव्या मॅच मागवा आणि तोच चार रकान्यांचा कागद पुन्हा भरा. रँक वाढली की नाही ते तेव्हा विचारू नका. शोर्युकेनच्या रकान्यातल्या रेघा कमी झाल्या असतील तर पुढची सवय निवडा, नसतील तर हीच चालू ठेवा.