घरच्या मैदानावर हरल्यावर शनिवार दुपार ते बुधवार कसा काढायचा

३० नोव्हेंबर २०२४. दुपारचे साडेतीन वाजायला आले होते. अमेरिकेतल्या कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये माझ्या शेजारी नऊ वर्षांचा मुलगा लाल टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता आणि फलकावर मिशिगन १३, ओहायो स्टेट १० असं लिहिलेलं होतं. आमची टीम, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाची, देशात दुसऱ्या क्रमांकावर होती, समोरची क्रमवारीत कुठेच नव्हती. सलग चौथ्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून हरलो होतो, आणि या वेळी स्वतःच्या घरात.

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर आण्णांच्या खांद्यावर बसून पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅच बघत वाढले, त्यामुळे पेठेची टीम हरली की घरात चूल कशी गप्प होते हे मला लहानपणापासून माहीत आहे. शिकायला इथे आले आणि पहिल्याच शरद ऋतूत या अमेरिकन कॉलेज फुटबॉलनं मला धरलं. चेंडू लांबट, नियम निराळे, पण पेठ तीच. मिशिगनच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात. हे पाहिल्यावर मला परकं वाटायचं कारणच उरलं नाही.

इथे असं वेड लागलेली बरीच मराठी माणसं आता मला भेटतात. पराभवाच्या रात्री त्यांचे फोन येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

पहिला तास

सर्वात आधी, मॅच संपल्या संपल्या गाडी चालवायची नाही. लाखाहून जास्त माणसं एकाच वेळी बाहेर पडतात, लेन अव्हेन्यूचा पूल तुडुंब भरतो आणि प्रत्येक जण चिडलेला असतो. आम्ही गाडी नदीपलीकडे लावतो आणि परतल्यावर किमान पाऊण तास तिथेच थांबतो.

त्यासाठी सकाळीच तयारी लागते. टेलगेटचं, म्हणजे मॅचआधी गाडीच्या मागे मांडलेलं खाणं, सगळं सकाळी संपवू नका. निम्मं मागे ठेवा. मी थर्मासमध्ये मिसळीचा कट वेगळा आणि डब्यात मटकी वेगळी नेते. मॅचनंतर पाव, फरसाण, वरून गरम कट. चार तास थंडीत बसून ओरडलेल्या माणसाच्या पोटात काही नसतं, आणि रिकाम्या पोटी पराभव दुप्पट लागतो. नवरा हे ऐकायचा नाही. आता तोच सकाळी डबे मोजून बाजूला ठेवतो.

हाणामारी दिसली तर उलट दिशेला चला, बघायलाही थांबू नका. त्या दिवशी मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध त्यांचा झेंडा रोवायचा प्रयत्न केला, दोन्ही टीम भिडल्या आणि पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला. आम्ही वरच्या रांगेत होतो. मुलगा विचारत होता, “आई, ते एकमेकांना मारतायत का?” मी त्याला घेऊन जिना उतरायला लागले. तो प्रसंग शेवटपर्यंत बघितला असता तर मॅचमधलं दुसरं काहीच त्याच्या लक्षात राहिलं नसतं.

फोन

फोन पर्समध्ये, पर्स डिकीत. चोवीस तास कुठेही काही लिहायचं नाही. आणि खेळाडूंना तर कधीच काही पाठवायचं नाही, ना त्या रात्री, ना नंतर. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, हा नियम आहे. ही अठरा ते तेवीस वर्षांची पोरं आहेत. २०२१ च्या जुलैपासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे कमवता येतात, म्हणून काही लोकांना वाटतं की आता त्यांना काहीही बोलायची मुभा आहे. पैसे मिळाले म्हणून वय वाढत नाही.

पैज लावत असाल तर आपल्या टीमवर लावू नका. ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून खेळांवरची पैज कायदेशीर आहे. हरलेले पैसे डोक्यात घेऊन लोक थेट पोरांच्या खात्यावर जाऊन शिव्या द्यायला लागले, आणि २०२४ मध्ये या राज्यानं कॉलेजच्या एकेकट्या खेळाडूच्या कामगिरीवर पैज घेणं बंद केलं. चांगलं केलं.

त्या दिवशी आमच्या किकरचे दोन फील्ड गोल, म्हणजे लाथेनं खांबांमधून चेंडू घालायचे तीन-तीन गुणांचे प्रयत्न, हुकले, एक ३४ यार्डांवरून, दुसरा ३८ वरून. सहा गुण. आम्ही तीन गुणांनी हरलो. दुसरा हुकल्यावर मी उभी राहून त्या मुलाच्या नावानं ओरडले, आणि माझा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात राष्ट्रीय अजिंक्यपदाची अंतिम मॅच होती, नोटर डेमशी. शेवटची २६ सेकंद उरली असताना त्याच किकरनं ३३ यार्डांवरून चेंडू बरोबर मधून घातला आणि ३४-२३ नं मॅच मिटवली. घरी सगळे नाचत होते. मला मात्र नोव्हेंबरमधला माझा आवाज आठवत होता.

रविवार सकाळ: वही

मला सर्वात जास्त उपयोग याचा झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रविवारी सकाळी चहा घेऊन बसा आणि मॅचचा आकडेवारीचा तक्ता उघडा. व्हिडिओ नको, आधी आकडे. व्हिडिओत राग परत चढतो. वहीत प्रत्येक चढाईची एक ओळ लिहा: चेंडू कुठून हातात आला, किती यार्ड गेलो, शेवट कशात झाला. पंट (लाथ मारून चेंडू लांब समोरच्याकडे देणं), टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं), फील्ड गोल, की चेंडू गमावला. नवीन माणसासाठी एवढं पुरे आहे की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, नाही गेलात तर चेंडू समोरच्याला. म्हणून तिसऱ्या प्रयत्नात काय होतं ते नेहमी पाहा. पहिल्या दोन प्रयत्नांत काहीच मिळालं नाही तर तिसऱ्यावर क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, सगळा भार येतो, आणि चूक तिथे होते.

माझ्या वहीतलं त्या रविवारचं पान अजून आहे. पळून मिळवलेले यार्ड: आमचे २६ वेळा पळून ७७, म्हणजे दर वेळी जेमतेम तीन. त्यांचे १७२. त्यांनी चेंडू फेकून फक्त ६२ यार्ड मिळवले, इतक्या कमी फेकीवर सहसा कुणी मोठी मॅच जिंकत नाही. आमच्या क्वार्टरबॅकची दोन इंटरसेप्शन, म्हणजे त्यानं फेकलेला चेंडू दोनदा समोरच्यांनी झेलला. मध्यंतराला १०-१० बरोबरी, आणि त्यानंतर आमचा गुण शून्य. शेवटच्या चढाईत त्यांचा कॅलेल मलिंग्ज तिसऱ्या प्रयत्नावर २७ यार्ड पळाला, ४५ सेकंद उरली असताना त्यांनी २१ यार्डांवरून फील्ड गोल मारला, संपलं.

आता प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा. हात, डोकं किंवा नशीब. हुकलेला फील्ड गोल म्हणजे हात. भलत्या वेळी भलताच डाव निवडणं म्हणजे डोकं. चेंडू कुणाच्या खांद्यावर आपटून तिसऱ्याच्या हातात पडला तर नशीब. संशय असेल तर कोरं सोडा.

माझ्या पानावर ‘डोकं’ सर्वात जास्त वेळा आलं. आमचा सेंटर, म्हणजे चेंडू मागे देणारा आणि मधली फळी धरणारा, त्या महिन्यात टाचेमागचा स्नायुबंध तुटून बाहेर गेला होता. त्याच फळीतला डावीकडचा टॅकल ऑक्टोबरमध्येच ओरेगनविरुद्ध जायबंदी झाला होता. आणि समोर मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे होते, पुढच्या एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडीच्या पहिल्याच फेरीत उचललेले दोन डोंगर. तिथे पुन्हा पुन्हा पळायचं का? बाहेर जेरेमाया स्मिथसारखा चेंडू झेलणारा पोरगा मोकळा होण्याची वाट बघत होता. हा प्रश्न मला आजही पडतो आणि तो विचारायचा मला हक्क आहे. पण शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे फक्त “सगळेच बेकार” एवढंच होतं. रविवारी दुपारी प्रश्न होता. प्रश्न हातात आला की झोप लागते.

प्रशिक्षकाला काढा म्हणण्याआधी

हे वाक्य त्या संध्याकाळी कोलंबसमध्ये प्रत्येक तोंडी होतं, माझ्याही. मुख्य प्रशिक्षक बदलणं म्हणजे नुसता माणूस बदलणं नसतं. करार मोडायचे पैसे द्यावे लागतात. टेक्सस ए अँड एमनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक काढला तेव्हा त्याच्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं निघालं. शिवाय खेळाडू निघून जातात, येऊ घातलेले खेळाडू दिलेला शब्द फिरवतात.

मी आता एवढंच करते: वहीतला ‘डोकं’ शब्द असलेल्या ओळी जपून ठेवते. पुढच्या दोन-तीन मॅचमध्ये तीच चूक दिसली तर बोलायचं, नाही दिसली तर माणूस शिकला. त्या वर्षी तो शिकला. ३० नोव्हेंबरपासून ५१ दिवसांनी आम्ही अजिंक्य होतो.

हिशोब नीट करा

एका पराभवानं वर्ष संपलं का, हे आधी पाहा. २०२४ पासून प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेऱ्यांत, बारा टीम घेतात, त्याआधी चारच घ्यायचे. त्यामुळे जुन्या चाहत्यांच्या मनातला धसका आता तितका खरा नाही. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला नोटर डेम स्वतःच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ नं हरली होती, आणि तीच टीम अंतिम मॅचला आमच्यासमोर उभी होती. म्हणजे घरात नाक कापून घेतलेल्या दोन टीममध्ये अजिंक्यपदाची मॅच झाली. चारच टीम घ्यायचे तेव्हाही, २०१४ साली आम्ही घरी व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ हरलो होतो आणि तरीही शेवटी ओरेगनला ४२-२० हरवून जिंकलो.

हे सगळं शनिवारी रात्री कुणाला सांगू नका. कुणी ऐकत नाही. सोमवारी सांगा.

घरची पोरं, शेजारी आणि कोल्हापूरचा फोन

मुलाला “नुसता खेळ आहे” असं म्हणू नका. त्याला ते खोटं वाटतं, आणि खरंच ते खोटं आहे. सहा महिने तुम्ही त्याच्यासमोर शनिवारची वाट पाहिलेली असते. रडू द्या. मग त्याला एक काम द्या. माझ्या मुलानं त्या रविवारी वहीत रेघा मारल्या आणि आकडे वाचून दाखवले. ७७ भागिले २६ त्यानं केलं.

शेजाऱ्याच्या दारात मिशिगनचा निळा-पिवळा झेंडा असेल तर रविवारीच जाऊन अभिनंदन करून या. सोमवारवर ढकललं तर ते अवघड होत जातं. आमचे शेजारी ॲन आर्बरचे, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावचे. मी अंजिराची बर्फी घेऊन गेले, तीन मिनिटं बोलले, परत आले. त्यांनी एक शब्द चिडवलं नाही.

आणि आईवडिलांचा फोन उचला. आमच्याकडे शनिवारची रात्र म्हणजे कोल्हापुरात रविवारची सकाळ. साडेआठला आण्णांचा फोन आला. “कितीला हरली गं?” “तेरा-दहा.” “मग लई लांब न्हवती की.” मग त्यांनी विचारलं, “पोरगं जेवलं काय?” जेवलं नव्हतं. मी फोन ठेवून उठले आणि वरण-भात लावला.

तिकिटं

रागात तिकिटं विकू नका. विकायचीच असतील तर बुधवारपर्यंत थांबा.

पराभवानंतर आठ दिवसांनी कळलं की प्लेऑफची पहिली मॅच आमच्याच मैदानावर आहे, २१ डिसेंबरला, टेनेसीशी, रात्री. ओळखीतल्या कित्येकांनी त्याच दिवशी तिकिटं विकायला काढली. थंडी, नाताळ, आणि मनातली अढी. मीही आमच्या चार तिकिटांची किंमत टाकली होती. मंगळवारी रात्री मुलानं विचारलं, “आपण जाणार ना?” आणि मी ती काढून टाकली.

त्या रात्री स्टेडियममध्ये टेनेसीचा नारिंगी रंग इतका होता की माझ्या पोटात गोळा आला. आमच्या डावीकडची अख्खी रांग त्यांची, सप्टेंबरपासून जिथे ओळखीचे चेहरे बसायचे तिथे. आम्ही चौघांनी प्रत्येकी तीन थर कपडे घातले होते, बुटात गरम पुड्या, थर्मासमध्ये कट. टेनेसीच्या प्रत्येक तिसऱ्या प्रयत्नाला मुलगा बाकावर उभा राहून ओरडत होता. आम्ही ४२-१७ नं जिंकलो, आणि नदीपलीकडे गाडीपाशी पोचेपर्यंत कट अजून गरम होता.