वर्गात सूचिछिद्र कॅमेरा तयार करताना

सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांकडून सूचिछिद्र कॅमेरा करवून घेण्यासाठी भिंग किंवा फिल्म लागत नाही. काळा कार्डशीट, ट्रेसिंग पेपर, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, चिकटपट्टी आणि बारीक सुई एवढे साहित्य पुरते.

कार्डशीट गुंडाळून प्रथम सुमारे ७ सेंमी व्यासाची, २० सेंमी लांब नळी चिकटवावी आणि तिच्याच भोवती दुसरा कार्डशीट गुंडाळून बाहेरची नळी करावी, म्हणजे मापे जुळविण्याची कटकट उरत नाही आणि आतली नळी घट्ट तरीही सहज सरकते. आतल्या नळीच्या एका टोकाला ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा. हा झाला पडदा. बाहेरच्या नळीचे एक तोंड कार्डशीटच्या चकतीने बंद करून, त्या चकतीच्या मध्यभागी २ सेंमीची खिडकी कापावी व तिच्यावर सुरकुती नसलेला फॉइलचा तुकडा लावावा. मग पडद्याचे टोक पुढे ठेवून आतली नळी बाहेरच्या नळीत सरकवावी.

सर्वाधिक वेळ द्यावा तो छिद्राला. मुले उत्साहाच्या भरात सुई नेढ्यापर्यंत आरपार घालतात आणि मग प्रतिमा धूसर का दिसते, असे विचारतात. पडदा छिद्रापासून १५ सेंमीवर असेल तर साधारण अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र योग्य ठरते. त्यासाठी फॉइल जाड पुठ्ठ्यावर ठेवून सुईचे केवळ टोक हलक्या हाताने टेकवून फिरवावे. छिद्राची कड फाटली असल्यास दुरुस्तीच्या फंदात न पडता फॉइलच बदलावा.

पहिली चाचणी अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीवर घ्यावी. मेणबत्ती मात्र शिक्षकांनीच धरावी. ज्योत उलटी का दिसते, हे लगेच सांगून टाकू नये. ज्योत वर नेली की प्रतिमा खाली सरकते, हे पाहिल्यावर बहुतेक मुले सरळ रेषेत जाणारे किरण वहीत स्वतःच काढतात. त्यानंतर फॉइलला शेजारी दोन छिद्रे आणखी पाडावीत, म्हणजे पडद्यावर तीन ज्योती उमटतात. शेवटी एक छिद्र पेन्सिलीने मोठे केले, की त्याची प्रतिमा उजळते पण पुसट होते.

मैदानावर, नव्या फॉइलला एकच छिद्र पाडून, डोक्यावर गडद कापड घेऊन झाड पाहावे. ६ मीटर उंचीचे झाड १५ मीटर अंतरावरून पाहिल्यास १५ सेंमीवरील पडद्यावर ते ६ सेंमीचे दिसायला हवे. हे गणित मुलांनी आधी करावे आणि मग पट्टीने पडताळावे. सहल हंपीला जाणार असेल तर विरूपाक्ष मंदिराच्या आतल्या भिंतीवर उमटणारी गोपुराची उलटी प्रतिमा अवश्य दाखवावी.

कॅमेऱ्यातून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नये. सूर्याची प्रतिमा हवी असल्यास सूर्याकडे पाठ करून, छिद्र पाडलेल्या कार्डातून येणारा प्रकाश १ मीटर अंतरावरच्या, सावलीत धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडावा. तेथे सुमारे ९ मिलिमीटर व्यासाची वाटोळी प्रतिमा मिळते.