जुनी गाडी आणि नवी गाडी, तुलना नेमकी कशी करायची

घरी 2012 ची स्विफ्ट आहे आणि नवी स्विफ्ट घ्यायचं चाललंय. बहुतेक जण काय करतात, दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी घेऊन शोरूमला जातात, कोरी करकरीत गाडी दोन किमी फिरवतात आणि म्हणतात वा काय स्मूथ आहे. अहो पण तुमच्या गाडीचे टायर किती जुने आहेत ते तरी बघा! टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. आमचे असेच म्हातारे झालेले निघाले.

म्हणून आधी जुनी गाडी ठीक करून घ्या. टायर, चाकांचं अलाइनमेंट, लोअर आर्मचे बुश (चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले रबर), आणि इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार. आमची गाडी सिग्नलला एसी चालू असताना एवढी थरथरायची की आरसा हलायचा, मला वाटायचं इंजिनच गेलं, मेकॅनिकने फाउंडेशन बदललं आणि आरसा स्थिर झाला. ह्याच्यानंतर नवीशी तुलना करा, त्याच्या आधी नाही.

टेस्ट ड्राइव्ह सर्व्हिस रोडवर घेऊ नका, ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटातून घ्यायला लावा. चार माणसं बसवून, एसी लावून, दोन्ही गाड्या एकाच वेळेला, म्हणजे ट्रॅफिक सारखाच मिळतो. चढावर ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये अडकलात की गाडी कशी उचलते ते बघा, कारण जुन्या स्विफ्टला चार सिलिंडर आणि 2024 च्या नव्या स्विफ्टला तीन, हा फरक कागदावर कळत नाही, तिथे पायाला कळतो. मला चढावर अजून जुनीच आवडते, खरं सांगतो. येताना ठाण्यातल्या कापूरबावडी नाक्याच्या गर्दीत क्लच किती जड लागतो तेही बघा.

मायलेजचं म्हणाल तर कंपनी नव्या मॅन्युअलला लिटरला 24.8 किमी सांगते, तो आकडा बाजूला ठेवा. टाकी फुल करा, रोजच्यासारखी चालवा, परत फुल करा, किमी भागिले लिटर. जुनीचा खरा आकडा असाच मिळेल, नवीचा ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याला असंच मोजायला सांगा.

खर्चात एक गोष्ट विसरू नका, पेट्रोल गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणी, 15 वर्षांनी संपतं, मग आरटीओत फिटनेस तपासणी, जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स, आणि मग ती पुढची 5 वर्षं वाढते. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुनीचे रबरी पाईपही एकदा तपासून घ्या.

आणि तुलनेच्या वहीत एक रकाना असा आहे की तिथे कुठलंच गॅरेज मदत करू शकत नाही. आमच्या जुन्या गाडीत एकही एअरबॅग नाही, नवीत सगळ्या व्हेरिएंटला सहा. माझी मुलगी रोज मागच्या सीटवर बसून घोडबंदर रोडने शाळेत जाते, आमच्या वहीत हा रकाना सगळ्यात वर आहे.