भटकंतीत फोटो साठवायला डिस्क घेताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत आज या गावी दंडार (इथलं लोकनाट्य), उद्या त्या गावी रात्रभर नाटक. फोटोचा नाद असलेला माणूस हंगामभर फिरत राहतो आणि उन्हाळा लागला की ताडोबा-नागझिऱ्याकडे वळतो. कॅमेऱ्याची मेमरी कार्डं भराभर भरतात. मग हार्ड डिस्क घ्यावी, एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) घ्यावी की टॅब, अशी चौकशी सुरू होते आणि ती बहुतेक वेळा किती जीबी, किती रुपये एवढ्यावरच थांबते. मला पहिला प्रश्न वेगळा वाटतो. मुक्कामाच्या गावी, लाइट असेल तेवढ्या वेळात, आजचे सगळे फोटो यावर उतरतील का?

उन्हाचा विचार न करता हार्ड डिस्क घेणं. फिरत्या चकतीच्या अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान 5 ते 35 अंश दिलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून जास्त. त्यात जंगलातल्या कच्च्या रस्त्याचे दणके. चकती फिरत असताना बसलेला एक धक्का डिस्क कायमची घालवू शकतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो आणि काही मॉडेलना 60 अंशांपर्यंत चालवण्याची मुभा असते. म्हणून विदर्भात फिरणाऱ्याने कमी जीबीची का होईना, एसएसडीच घ्यावी. हार्ड डिस्क घरच्या कपाटात दुसरी प्रत ठेवायला चांगली. एसएसडीही डॅशबोर्डवर ठेवू नका आणि कॉपी चालू असताना कापडात गुंडाळू नका.

केबलकडे दुर्लक्ष. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. 24 मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) साधारण 25 ते 30 एमबीची, म्हणजे 64 जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो. फोनसोबत आलेली चार्जिंगची केबल बहुधा यूएसबी 2.0 ची, म्हणजे जुन्या संथ प्रकारची असते. तिच्यावरून सेकंदाला तीसेक एमबी जातात आणि भरलेलं कार्ड उतरायला अर्धा तास लागतो. डिस्क, केबल, कार्ड रीडर आणि फोनचं पोर्ट हे चारही नव्या, वेगवान यूएसबी 3 चे असतील आणि कार्ड चांगलं असेल, तर तेच काम दहा-बारा मिनिटांत होतं. साखळीतली एक कडी जरी 2.0 ची असली तरी वेग तिचाच. टाइप-सी पोर्ट म्हणजे वेगवान, हाही गैरसमज आहे. बरेच स्वस्त फोनच नव्हेत, तर आयफोन 15 चं साधं मॉडेलही यूएसबी 2 च्याच वेगाने चालतं. डिस्कसोबत आलेल्या केबलला रंगीत चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवा.

फोनवरून कॉपी करणार असाल, तर कार्ड रीडर, डिस्कचं पोर्ट आणि चार्जर लावायची जागा, तिन्ही असलेला हब घ्या. फोनला पोर्ट एकच असतं आणि डिस्क वीज त्याच्याच बॅटरीतून ओढते. बॅटरी मधेच संपली तर अर्धवट फाइल राहते. हबला पॉवर बँक जोडून ठेवली की लाइट गेली तरी काम थांबत नाही.

ताडोब्याच्या कोअरमध्ये (जंगलाच्या मुख्य भागात) पर्यटकांना मोबाइल वापरता येत नाही. तेव्हा सफारीच्या मधेच कार्ड रिकामं करण्याचा बेत आखू नका, जास्तीचं कार्ड जवळ ठेवा.

जुनं फोटो व्ह्यूअर स्वस्तात मिळालं म्हणून घेणं. एप्सन पी-2000 सारखी, छोटा पडदा आणि 40 जीबीची डिस्क असलेली यंत्रं 2004 च्या सुमारास आली आणि त्या काळी ती फार उपयोगी होती. पण जास्त जागेची एसडीएचसी कार्डं 2006 मध्ये आली आणि त्याहून मोठी एसडीएक्ससी 2009 मध्ये. त्याआधीची यंत्रं ती वाचत नाहीत. कॅननची सीआर3 सारखी नवी रॉ फाइल तर त्यांना दिसणारच नाही. आज फोटो पाहायला टॅब बरा. मात्र टॅबवरचं काही अॅप रॉ फाइलच्या आतली छोटी जेपीईजीच दाखवतं. ती मोठी केली की धूसर दिसते आणि चांगला फोटो फोकस चुकला म्हणून उडवला जातो. मुक्कामी फोटो फक्त निवडा, डिलीट घरी करा.

अशक्य भावाला भुलणं. हजार-दीड हजारात 16 टीबीची एसएसडी मिळत नसते. अशा डिस्क खोटी क्षमता दाखवतात आणि खरी जागा संपली की जुन्या फाइल निमूट पुसत जातात. नवी डिस्क किंवा कार्ड आणलं की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन पूर्ण चालवा, मगच फोटो टाका.

कट-पेस्ट. फाइल नेहमी कॉपी करा. नंतर दोन्हीकडच्या फाइलींचा आकडा आणि एकूण जीबी जुळवा, मधले-शेवटचे फोटो उघडून पाहा. कार्ड पुसायचं ते दुसरी प्रत झाल्यावर, आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.

आता अडलं तर. डिस्क फोनला दिसत नसेल, तर आधी सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला डिस्क जोडायची सोय) पाहा. काही फोनमध्ये ते हाताने सुरू करावं लागतं आणि वापर नसला की थोड्या वेळात आपोआप बंद होतं. तरीही दिसत नसेल तर डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये असेल, ती बऱ्याच अँड्रॉइड फोनना चालत नाही. घरून निघण्याआधीच, रिकामी असताना, ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. फॅट32 नको, तिच्यावर 4 जीबीहून मोठी व्हिडिओ फाइल बसत नाही. एक्सफॅट मधेच ओढून काढलेलं सहन करत नाही, म्हणून प्रत्येक वेळी इजेक्ट करा. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर बहुधा वीज कमी पडते आहे. वीज पुरवणाऱ्या हबवर लावून पाहा, आवाज तसाच राहिला तर लगेच काढा.

कार्ड लावल्यावर फोनने ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं तर नाही म्हणा. फोटो उडाले असतील तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. घरी आल्यावर फोटोरेक हे मोफत साधन चालवा आणि सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर घ्या.