लिअँडर पेसची कारकीर्द कशी मोजावी

आधी वहीत तीन रकाने आखा: एकेरी, पुरुष दुहेरी, मिश्र दुहेरी. ग्रँड स्लॅमची (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची) बेरीज 18 येते: पुरुष दुहेरी 8, मिश्र 10. आकडा 19 झाला, तर 1990चं ज्युनियर विम्बल्डन त्यात घुसलंय, ते खोडा. 1999 जपून लिहा. महेश भूपतीसोबत पुरुष दुहेरीत चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या, पण जिंकल्या फक्त फ्रेंच आणि विम्बल्डन. त्याच विम्बल्डनला लिसा रेमंडसोबत मिश्रचं जेतेपदही मिळालं, ते हमखास सुटतं. एकेरीत न्यूपोर्ट 1998 हे एकमेव एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेचं) जेतेपद. 1996चं अटलांटा ऑलिंपिकचं कांस्यही एकेरीचंच (ब्राझीलच्या मेलिगेनीवर 3-6, 6-2, 6-4). दुहेरीत टाकू नका. डेव्हिस कपचे (देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेचे) 45 दुहेरी विजय मात्र वेगळ्या पानावर.