मुलांच्या क्वाडचं कॉम्प्रेशन कमी झालंय? इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात मुलांची क्वाड, म्हणजे छोटी चारचाकी मोटरगाडी, चालते ती शेतात, प्लॉटिंगच्या मोकळ्या जागेत, नाहीतर हुरड्याच्या दिवसांत रानात. थंडीत सुसाट पळालेली गाडी मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत कुरकुरायला लागते. सेल्फ मारमारून बॅटरी बसते, गाडी गरम झाली की बंद पडते आणि तासभर चालूच होत नाही. मग निदान एका वाक्यात होतं : कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय, पिस्टन-रिंग टाका.

पुष्कळदा रिंगांना काहीच झालेलं नसतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवणारा स्क्रू, घट्ट झालेलं असतं, नाहीतर मोजणीच चुकलेली असते. आणि जिथे रिंगा खरंच झिजलेल्या असतात, तिथे त्या कशाने झिजल्या हे न बघता नव्या टाकल्या जातात. साहजिकच त्याही त्याच वाटेने जातात. इथलं बहुतेक लिखाण ११० सीसीच्या आडव्या, चार-स्ट्रोक इंजिनाबद्दल आहे, कारण मुलांच्या क्वाडमध्ये तेच जास्त दिसतं. ४९ सीसीच्या, दोरी ओढून चालू होणाऱ्या टू-स्ट्रोकचं शेवटी पाहू.

चूक १ : गेज लावलं, आकडा आला, विश्वास ठेवला

कॉम्प्रेशन मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मुलांच्या क्वाडला अंगठ्याच्या थ्रॉटलपाशी वेग आवरणारा लिमिटर स्क्रू असतो, हे विसरलं जातं. तो आत असेल तर अंगठा शेवटपर्यंत दाबला तरी कार्बोरेटरची स्लाइड अर्धीसुद्धा उठत नाही. सिलिंडरला पुरती हवाच मिळाली नाही तर तो दाबणार काय? स्क्रू किती आटे बाहेर काढला ते मोजून लिहून ठेवा आणि स्लाइड खरंच वर गेली की नाही ते कार्बोरेटरच्या तोंडातून डोळ्यांनी बघा. चोकही उघडा ठेवा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. या गाड्यांना बहुधा किक नसते, सगळा भार छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. स्थिर असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल, किंवा सेल्फ मारताना १० च्या खाली जात असेल, तर आधी चार्ज करा. क्रॅंक (इंजिनाचा फिरणारा दांडा) हळू फिरला की दाब रिंगांजवळून निसटायला जास्त वेळ मिळतो आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं.

सगळ्यात फसवी चूक मात्र नळीची आहे. कारसाठी बनवलेल्या गेजमध्ये दाब अडवणारी छोटी पिन कधीकधी गेजच्या बाजूला असते. ती प्लगच्या टोकाशीच हवी. का, ते हिशेबानेच कळेल. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४९.५ मिमी, म्हणजे जवळपास १०७ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, ९ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त १३.४ सीसी. पाच मिमी आतल्या व्यासाच्या ३० सेंटीमीटर नळीत जवळपास ६ सीसी हवा मावते. ती जागा या उरलेल्या जागेत मिळवली गेली की रेशो ९ वरून साडेसहावर येतो, आणि १५० पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं माप) ठणठणीत इंजिन १०० च्या आसपास दाखवतं. या एका कारणाने चांगली इंजिनं खोलली जातात.

११० सीसीला १० मिमी आट्यांचा प्लग असतो, दोरीवाल्या ४९ सीसीला १४ मिमीचा, आखूड आट्यांचा. अ‍ॅडॅप्टर लांब असेल तर पिस्टनवर आदळतो, म्हणून काढलेल्या प्लगशेजारी धरून लांबी जुळवा. प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवून ठेवा. उघडी कॅप ठेवून सेल्फ मारला तर सीडीआयवर (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) ताण येतो. पेट्रोलचा कॉक बंद करा, कारण प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ उडते.

इंजिन कोमट असताना सुई वर चढायची थांबेपर्यंत, साधारण ६ ते ८ फेरे मारा. १३० ते १६५ पीएसआय, म्हणजे ९ ते ११.५ केजी (दर चौरस सेंटीमीटरला किलो), आला तर रिंगा विसरा आणि कार्बोरेटर, प्लग, कॉइल बघा. ९० च्या खाली गाडी नीट चालू होणार नाही. मधला आकडा आला तर घाई नको. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावापेक्षा इथे आकडा ५ टक्क्यांच्या आसपास कमीच येतो. एका आकड्यापेक्षा सुई कशी चढते ते जास्त सांगून जातं : पहिल्या फेऱ्याला कमी आणि मग हळूहळू वर गेली तर संशय रिंगांवर, पहिल्यापासून कमी आणि तिथेच अडकली तर व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर (सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधल्या पट्टीवर).

चूक २ : टॅपेट वाजत नाही, म्हणजे इंजिन मस्त

उलट आहे. टॅपेटचा हलका टकटक आवाज चालतो, पूर्ण शांतता मात्र चिंतेची. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू खाली बसत जातो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि मधली फट संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटला नाही तर त्याची उष्णता सीटकडे जात नाही, कडा जळायला लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे, त्यात लहान मुलाच्या हाती पहिल्या गिअरमध्येच कण्हत चाललेलं हवेवर थंड होणारं इंजिन. ते ही चूक फार दिवस सहन करत नाही.

थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होणारी आणि गरम झाल्यावर रुसणारी गाडी दिसली की पहिला हात टॅपेटला घाला. अर्ध्या तासाचं काम आहे, सुटा भाग एकही लागत नाही.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम इंजिनावर लावलेली फट खोटी असते. हेडवरची दोन गोल झाकणं आणि डाव्या बाजूचं मॅग्नेटचं (क्रॅंकच्या टोकावरच्या चाकाचं) कव्हर उघडा. प्लग काढा. मॅग्नेट डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि 'टी' ही खूण केसवरच्या खाचेला लावा. शेजारीच 'एफ' ही खूण असते, ती ठिणगीची. तिच्यावर टॅपेट लावणं ही रोजची चूक. 'टी' जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलतात का ते बघा. हलत नसतील तर पिस्टन एक्झॉस्टच्या फेऱ्यात वर आलाय, आणखी एक पूर्ण फेरा द्या. मात्र टॅपेट फारच घट्ट असेल तर बरोबर जागेवरही रॉकर हलणार नाही. तेव्हा फिरवताना इनटेक रॉकर खाली जाऊन वर आला आणि त्यानंतर लगेच येणारी 'टी', ती आपली.

फट दोन्हीकडे ०.०५ मिमी. फिलर गेजची पाती हलकी घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. हे दुसरं मोजणं टाळलं की केलेली मेहनत वाया जाते. फट लावून झाली की कॉम्प्रेशन परत घ्या. कित्येक गाड्यांचा आजार इथेच संपतो.

हेडचं काम नुकतंच झालं असेल आणि त्यानंतरच दाब कमी झाला असेल, तर टायमिंग चेन एक दात पुढे-मागे बसली आहे का तेही बघा. मॅग्नेटचं 'टी' जुळलेलं असताना कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) चक्राची खूण हेडवरच्या खाचेसमोर हवी.

चूक ३ : चमचाभर तेल ओतून केलेली परीक्षा

प्लगच्या भोकातून तेल घालायचं, दाब वाढला तर रिंगा खराब, ही पद्धत बरोबर आहे. चमचा चुकीचा आहे. १३.४ सीसीच्या जागेत ५ मिली तेल गेलं की जागा उरते ८.४ आणि रेशो जातो साडेतेराच्या वर. दाब वाढणारच, रिंगा नव्या असल्या तरी. सिरिंजने १ ते २ मिली पुरे. शिवाय सिलिंडर आडवा असल्यामुळे तेल खालच्या बाजूला साचतं आणि रिंगेचा वरचा भाग कोरडाच राहतो. चार-पाच फेरे मारून तेल पसरवा, मग मोजा. तरीही आडव्या इंजिनात या परीक्षेवर शेवटचा शब्द सोडू नये.

त्यापेक्षा हवेची परीक्षा खात्रीची. 'टी' जुळवून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना प्लगच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची ४०-५० पीएसआय हवा द्या आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइल घालायच्या भोकातून जोरात आली तर रिंगा. हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गॅस्केट. थोडी हवा रिंगांजवळून नव्या इंजिनातही जाते, तिला घाबरू नका.

गाडी गिअरमध्ये टाकून क्रॅंक अडेल असं समजू नका. मुलांच्या क्वाडला ऑटोमॅटिक क्लच असतो. इंजिन थांबलेलं असताना तो सुटलेलाच असतो, म्हणून गिअरचा उपयोग नाही. मॅग्नेटच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून घट्ट धरा. हवा सोडताच पिस्टन झटक्यात खाली जाऊ शकतो, बोटं दूर ठेवा आणि मुलांनाही.

चूक ४ : रिंगा बदलल्या, फिल्टर तोच

आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. ती तेलात मिसळली की घासणीची पेस्ट होते. या इंजिनांना कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी आणि क्लचपाशी फिरणारा कचरा गोळा करणारा कप, एवढंच. म्हणजे आत गेलेली धूळ बराच काळ आतच फिरते.

स्पंज फिल्टर पेट्रोलने धुऊ नका, चिकटवलेले सांधे सुटतात. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण, मग सावलीत वाळवणं. वाळल्यावर फिल्टर ऑइल किंवा घट्ट गिअर ऑइल १०-१५ मिली घालून दाबत पसरवा, पिळू नका. कोरडा स्पंज धूळ अडवत नाही, त्याला धरून ठेवणारं तेलच असतं. गादीचा स्पंज कापून बसवण्याचा जुगाड तर नकोच.

फिल्टर स्वच्छ असूनही धूळ आत जाते ती त्यामागच्या रबरी बूटातून. क्लॅम्प ढिला, बूटाला तडा, किंवा कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधली पाइप चिरलेली. कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवा. खरखर लागली तर धुळीची वाट उघडी आहे. ती बंद होईपर्यंत नवीन रिंगा विकत घेऊ नका.

ऑइल साधारण ८०० ते ९०० मिली लागतं. दुचाकीचं, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं घ्या. कारच्या ऑइलने क्लच घसरू शकतो. आणि दाब वाढावा म्हणून घट्ट ऑइल किंवा डबीतलं औषध ओतू नका. आठवडाभर बरं वाटेल, झीज मात्र चालूच राहील.

चूक ५ : खोललं, पण मोजलं नाही

इंजिन दिसायला स्प्लेंडरसारखं, म्हणून स्प्लेंडरचा पिस्टन बसेल असं वाटतं. स्प्लेंडरचा बोअर ५० मिमी, याचा ५२.४. जुना पिस्टन सोबत घेऊन जा आणि व्हर्निअर लावूनच घ्या.

रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून टोकांमधली फट मोजा. ०.१५ ते ०.३० मिमी ठीक, ०.५० ला रिंग संपली. सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवा-उभा मोजायचा. फरक ०.१० मिमीपर्यंत गेला असेल तर नुसत्या रिंगांनी भागणार नाही, लेथवाल्याकडे रिबोअर (सिलिंडर आतून मोठा करून घेणं) किंवा नवीन सिलिंडर किट. हेडवर सरळ पट्टी ठेवून ०.०५ ची पाती खाली शिरते का बघा.

होनिंग (सिलिंडर आतून दगडाने बारीक घासणं) झाल्यावर सिलिंडर फक्त पेट्रोलने पुसणं फार महाग पडतं. दगडाची भुकटी रेषांमध्ये अडकून राहते. गरम पाणी, साबण, ब्रश. मग तेलाचा पांढरा कपडा फिरवा, राखाडी डाग यायचा थांबेपर्यंत धुवा.

रिंगेवर अक्षर असेल ती बाजू वर, टोकं एकमेकांपासून १२० अंशांवर. पिस्टनवरचं 'आयएन' इनटेककडे, म्हणजे या आडव्या इंजिनात आकाशाकडे. सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवणाऱ्या कड्या) नेहमी नवे, आणि बसवताना क्रॅंककेसच्या तोंडात कापड कोंबलेलं असू द्या. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग केलं असेल तर प्लग लावून हेडच्या खळग्यात रॉकेल किंवा डिझेल भरा. दोन-तीन मिनिटांत पोर्टमधून थेंब गळायला नको. वाकडा व्हॉल्व्ह कितीही घासला तरी बसत नाही, तो बदला.

दोरीवाली ४९ सीसी

इथे व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाही. जोरात सहा-सात वेळा दोरी ओढून ९० ते १२० पीएसआय यावा. कमी आला तर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर तेल कमी पडलंय किंवा धूळ गेलीय. रिंग काजळीने खाचेत चिकटली असेल तर दाबल्यावर हलत नाही. पुस्तिकेत २५:१ असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, मापाने. अंदाजाने झाकणभर ओतणं बंद करा. इथेनॉल असलेलं पेट्रोल ओल धरतं, म्हणून मिसळलेलं पेट्रोल पावसाळाभर टाकीत ठेवू नका. आणि वरचा दाब चांगला असूनही गाडी चालू होत नसेल तर क्रॅंकचे सील बघा. टू-स्ट्रोक खालच्या केसमधूनही श्वास घेतं.

गाडी परत देताना

नवीन रिंगांवर पहिले दोन तास पूर्ण थ्रॉटल नको आणि एकाच वेगातही नको. दहा मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, असं चार-पाच वेळा. त्यानंतर ऑइल बदला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा तपासा, नवीन कामात फट हमखास हलते. या गाड्यांना किलोमीटरचा काटा बहुधा नसतो, म्हणून तास लिहून ठेवा. धुळीत चालत असेल तर दर १५ तासांनी ऑइल बदला. फिल्टर मात्र प्रत्येक रानवारीनंतर बघा.

आणि टेस्टसाठी बाहेर काढलेला लिमिटर स्क्रू जितके आटे लिहून ठेवले होते तितकाच आत घ्या. कॉम्प्रेशन परत आलेली गाडी आधीपेक्षा जोरात उसळते, म्हणून किल्ली मुलाच्या हातात देण्याआधी मोठ्या माणसाने ब्रेक आणि ओढताच इंजिन बंद करणारी दोरी, दोन्ही तपासून घ्यावीत.